वीसपैकी अकरा

हसनाबाद दोन किलोमीटरवर असताना मिथुनच्या मोटरसायकलची चेन उतरली. गाडी कडेला घेऊन तो खाली बसला, आणि तेवढ्यात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

आवाज रस्त्यालगतच्या हिरव्या शेडनेटमधून येत होता.

“विद्यार्थी मित्रहो, आता पाठ्यपुस्तकाचे पान क्रमांक त्रेचाळीस उघडावे. त्यावरील आकृतीचे काळजीपूर्वक निरीक्षण करावे...”

हे तोच बोलला होता. बदनापूरच्या घरी दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत त्यानं हा पाठ मोबाइलमध्ये भरला होता. तो खरंच कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर त्याचा हात चेनवरच थांबला. ऊर भरून आला.

मग त्याच्या आवाजावर दुसरा एक आवाज चढला. बाईचा, तरुण, आणि अगदी त्याच्याच चालीत.

“विद्यार्थी मित्रहो, हातातला चिमटा आता खाली ठेवावा. पदराला हात पुसावेत. पुस्तक घरी फळीवर आहे, ते उडत येईपर्यंत काळजीपूर्वक वाट पाहावी...”

आत हशा पिकला.

मिथुन जालन्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचा, आणि दर रविवारी गाडी काढून हसनाबादला, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर यायचा. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला तिथं अडतीस नावं होती. मागच्या रविवारी वर्गाला दोघं आले. त्यातला एक परीक्षेची तारीख विचारायला आला होता. म्हणून तर त्यानं पाठ भरून केंद्राच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली होती. येता येत नाही ना, मग जिथं असाल तिथं ऐका. चाळीस-चाळीस मिनिटांचे नऊ पाठ झाले, पण ग्रुपवर अजून कुणी ब्र काढला नव्हता.

हात पुसून तो शेडनेटच्या दारातून आत डोकावला.

आत उजेडसुद्धा हिरवा होता. ओल्या मातीचा आणि टमाट्याच्या पाल्याचा उग्र वास येत होता. बियाण्यासाठी लावलेल्या टमाट्याच्या ओळींमधून सात-आठ बाया वाकून काम करत होत्या. मधल्या बांबूला एक मोबाइल टांगलेला होता, आणि त्यातून मिथुन अजून बोलतच होता.

“कोण पाहिजे?” सगळ्यात जवळच्या मुलीनं विचारलं. डोक्याला रुमाल, उजव्या हातात बारीक चिमटा, पाल्यानं काळपट हिरवी झालेली बोटं. नक्कल करणारा आवाज हाच होता.

“गाडीची चेन उतरली. जरा पाणी मिळेल का?”

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. ओठाचा एक कोपरा जरासा हलला. मग तिनं मागं वळून हाक मारली, “शीतल, पाहुण्याला पाणी दे गं.”

शीतल या शेडनेटच्या मालकिणीची, पुष्पाबाईंची सून. तिनं तांब्या आणून दिला. मिथुननं दोन घोट घेतले आणि शक्य तितक्या सहज विचारलं, “काय ऐकून राह्यल्या तुम्ही?”

“आमच्या सरांचा पाठ,” ती मुलगी म्हणाली. “मी अन् शीतल तिसऱ्या वर्षाला हाव. बाकीच्यांचं फुकटात शिक्षण होऊन राह्यलं.”

“कसं शिकवतात सर?”

“हुशार असतील.” तिनं एक मिटलेली कळी दोन बोटांत धरली. “वाचतात बराबर. एष्टी स्टँडवर गाड्या पुकारतात ना, तसं. जालना, राजूर, भोकरदन... कोण चढलं, कोण राह्यलं, त्याची फिकीर न्हाई.”

शीतल पदराआड खुदखुदली.

“मग कसं शिकवायचं?” मिथुननं तांब्या हातातच धरून विचारलं.

“मला काय विचारता? मी ह्याच विषयात दोनदा नापास झालेली हाय.” तिनं चिमट्यानं कळीतला नर, म्हणजे पुंकेसर, अलगद काढून टाकला आणि देठाला लाल धागा गुंडाळला. “पण विचारलंच तर सांगते. ही एक ओळ संपायला मला बारा मिनिटं लागतात. टोकाला गेले की कंबर सरळ करते. काय ऐकलं ते तेवढ्यात डोक्यात घोळवते. सरांचा पाठ चाळीस मिनिटांचा. मधी श्वास पण घेत न्हाईत. अन् म्हणतात, पान उघडा. असल्या हातानं?”

“रविवारी वर्गाला जात नाही?”

“फुलाला रविवार कळतो का? आज सोललेली कळी उद्या सकाळी पराग मागते. परवा दिला तर बी धरत न्हाई.”

तिच्या डाव्या हाताच्या बोटात एक जाड अंगठी होती. वर खड्याच्या जागी इवलीशी वाटी. मिथुन तिच्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

“पराग ठेवायची अंगठी हाय ती,” ती म्हणाली. “लगीन झालेलं न्हाई माझं. तेच विचारायचं होतं ना?”

“नाही, मी... अंगठीच बघत होतो.”

“मंग पाणी पिऊन झालं असंल तर जल्दी निघा. वर्गात फळा वाट बघत असंल.”

चेन चढवून हसनाबादच्या वेशीपर्यंत आल्यावर मिथुनच्या डोक्यात उजेड पडला. आपण वर्गावर चाललोय, हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

ती दीपमाला. वय पंचवीस. तिची आई बेबीनंदा गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. आईनं उभं आयुष्य लेकरांना खिचडी शिजवून घातली. दीपमालाला त्याच अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका व्हायचं होतं, आणि त्याला पदवी लागते. बारावीनंतर तिनं मुक्त विद्यापीठात नाव टाकलं, काम करत करत एकेक विषय सोडवत आणला. अर्थशास्त्र तेवढं राहिलं. आता तिच्या नोंदणीची मुदत डिसेंबरच्या परीक्षेबरोबर संपत होती. या वेळी राहिलं तर नाव कटणार, आणि सुटलेल्या सगळ्या विषयांसकट पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

बुधवारी ग्रुपवर नवा पाठ आला. बरोबर बारा मिनिटांचा.

“पुस्तक असू द्या फळीवर,” बांबूवरचा मोबाइल म्हणाला. “हात कामात असतील तर असू द्या. फक्त कान इकडे ठेवा.”

दीपमालाच्या चिमट्यातली कळी निसटली.

“समजा, मीठ महागलं. आणि समजा, टमाटे महागले. घरात काय कमी येईल? का? आता मी गप्प बसतो. शेजारणीला मोठ्यानं सांगा. चुकलं तरी चालेल, मला काही ऐकू येत नाही.”

आणि तो खरंच गप्प बसला. एक अख्खं मिनिट. त्या मिनिटात चिमणी चिवचिवली, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, आणि सर एकदा खोकले. गप्प बसलेला मास्तर बायांनी जन्मात ऐकला नव्हता.

“त्यात काय सांगायचं?” पुष्पाबाई म्हणाल्या. त्या चौथीत शाळा सोडलेल्या, साठीच्या बाई. “मीठ महागलं म्हणून कोणी आळणी खातं का? टमाटे महागले तर चिंच घालीन.”

“ज्याच्यावाचून चालत नाही, त्याची मागणी ताठ,” मिथुन पुढं बोलू लागला. “ज्याच्या जागी दुसरं काही चालतं, त्याची मागणी लवचीक.”

“हेच तर म्हनले मी,” पुष्पाबाई म्हणाल्या. “ह्याला कशाला कॉलेज लागतं?”

दीपमाला ओळीच्या टोकाला पोचली होती. कंबर सरळ करून ती तशीच उभी राहिली. मागणीच्या लवचिकतेची व्याख्या तिनं दोन वर्षं पाठ केली होती, आणि दोन्ही वेळा पेपरात ती अर्ध्यावर अडकली होती. आज ती दोन झाडांच्या मध्ये उभ्या-उभ्या समजली.

तिनं पुष्पाबाईंना तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं, आवाज भरला आणि त्यांच्या नावासकट ग्रुपवर पाठवून दिला. ग्रुपवरचं ते पहिलं उत्तर. अर्ध्या तासानं सरांचा निरोप आला : “पुष्पाबाईंना सांगा, त्यांचं मीठ मी जालन्याच्या वर्गातही वापरणार आहे.” पुष्पाबाई दिवसभर कुणावर ओरडल्या नाहीत.

आणि फक्त दीपमालाला आणखी एक ओळ आली. “एष्टी स्टँड सुधारलं का?”

तिनं हात धुतले, पुसले, आणि मग लिहिलं, “गाडी आता थांबते. पण ड्रायव्हर लई खोकतो.”

“मला ओळखलं कसं?”

“नऊ पाठ ऐकलेत, सर. आवाजाला रुमाल बांधून आल्ते का तुम्ही?”

त्यानंतर ग्रुप बोलू लागला. कापसाच्या जिनिंगवर कामाला जाणारा एक जण जेवणाच्या सुट्टीत उत्तरं पाठवायचा. रात्रपाळीचा एक पहारेकरी लांबलचक शंका विचारायचा. पलीकडच्या वाडीतली एक जण बाळाला झोळीत टाकून पाठ ऐकायची. तिनं कळवलं, “सर, प्रश्न जरा हळू विचारा, बाळ उठतं.” मिथुन प्रत्येकाचं ऐकायचा आणि पुढचा पाठ त्याप्रमाणे बदलायचा. शिकवायचं काम इतकं शिकण्याचं असतं, हे त्याला नोकरीच्या पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात तो केंद्रप्रमुख अप्पाराव सरांकडे गेला. रविवारचं संपर्क सत्र दुपारच्या सुट्टीत शेडनेटमध्ये घेऊ का, म्हणाला.

“हजेरी वर्गात लागते,” अप्पाराव सर म्हणाले. ते निवृत्तीला आले होते आणि नव्या कल्पनांना चष्म्यावरून बघायचे. “शेतात कशी लावू?”

“वर्गात दोघं असतात, सर. तिथं आसपासच्या वाड्यांतले सतरा जण यायला तयार आहेत.”

पहिल्या सत्राला अप्पाराव सर स्वतः आले. पालथ्या क्रेटवर पाऊण तास बसले. शेवटी पिशवीतून हजेरीपत्रक काढलं आणि एकेक नाव स्वतः पुकारलं.

महिनाअखेरच्या रविवारी सत्र संपता संपता परतीचा पाऊस आला. सगळे दाराशी पत्र्याखाली धावले. दीपमाला मात्र ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती, मिथुनला चिमटा धरायला शिकवत.

“असं न्हाई. कळी नुसती धरायची, दाबायची न्हाई.”

कळी तुटली.

“गेली,” ती म्हणाली.

“पुष्पाबाईंना सांगू नका.”

“त्यांना सांगावं लागत न्हाई.”

जाळीवर आपटून पावसाचा नुसता धुरळा होत होता. थेंब असा पडतच नव्हता... हवेतच ओल तरंगत होती. ती दीपमालाच्या पापण्यांवर, रुमालाच्या कडेवर, मनगटावरच्या बारीक लवेवर येऊन बसली. मिथुन बघत राहिला.

“काय बघता?”

“पाऊस.”

“पाऊस वर पडून राह्यला, सर.”

त्यानं घाईनं वर बघितलं. ती खाली बघून हसली. मग चिमट्याशी चाळा करत म्हणाली, “एक विचारू? शीतलला तुम्ही शीतलताई म्हणता. झोळीतल्या बाळाच्या आईलापण ताई म्हणता. मला कधीच न्हाई म्हणत. मला आपलं ‘अहो’, ‘जरा ऐका’, ‘ते...’”

मिथुन तुटलेल्या कळीकडे बघू लागला.

“प्रश्न विचारलाय,” ती म्हणाली. “आता मी गप्प बसते. चुकलं तरी चालेल.”

पाऊस जाळीवर सळसळत होता. एक मिनिट झालं असेल नसेल. त्यानं तोंड उघडलं —

“दीपे!” दारातून शीतलची हाक आली. “चहा निवून राह्यला!”

नोव्हेंबरात गृहपाठ आले. विषयाच्या शंभर गुणांतले वीस गृहपाठाचे, आणि ते केंद्रावरच तपासले जायचे. बाजारात तयार उत्तरांच्या झेरॉक्स मिळत, पुष्कळ जण त्याच उतरवून काढत. दीपमालानं मात्र स्वतः लिहिलं. मिठापासून सुरुवात करून बियाण्यापर्यंत, जे समजलं ते समजलं तसं. शीतलच्या घरी त्याच आठवड्यात पाहुणे आले, आणि तिनं दीपमालाची वही नेऊन शब्द न् शब्द उतरवला.

वह्या तपासून परत आल्या. शीतलला वीसपैकी सोळा. दीपमालाला वीसपैकी अकरा.

दीपमालानं दोन्ही वह्या ओळ न् ओळ ताडून बघितल्या. शीतलनं दोनदा “मी जाऊन सांगते सरांना” म्हटलं, तेव्हा तिनं नुसती नकाराची मान हलवली. रविवारी सकाळचं परागाचं काम उरकलं तसे तिनं हात धुतले, दोन्ही वह्या घेतल्या आणि केंद्र गाठलं.

दुपारी शेडनेटमध्ये जायच्या आधी मिथुन वर्गात एकटाच फळा पुसत होता. तिला बघून तो हसला. ती हसली नाही. तिनं दोन्ही वह्या बाकावर शेजारी-शेजारी उघडून ठेवल्या.

“सर, यात काय चुकलं?”

त्यानं आधी एक वही बघितली, मग दुसरी. पुन्हा पहिली. त्याच्या हातातलं डस्टर खाली आलं.

“दोन्ही सारख्याच आहेत. मला वाटलं, मीठ दोघींनी माझ्या पाठातून घेतलं.”

“हो. शीतलनं माझी बघून लिहिली. तिच्यावर रागवू नका, ती कबूल करायला तयार हाय. पण नकलेला सोळा अन् मला अकरा? विद्यापीठानं दोनदा नापास केलं तेव्हा मी काही बोलले न्हाई, माझंच चुकलं होतं. या वेळी कुठं चुकलं तेवढं दाखवा. मी सुधारते. माझ्याकडं आता पुढची वेळ न्हाई, सर.”

मिथुन बाकावर बसला.

“कुठंच चुकलं नाही.”

“मंग?”

“तुमची वही मी सगळ्यांत आधी वाचली,” तो हळू बोलू लागला. “सतरा दिले. मग मनात आलं, हे वहीला दिले, की... म्हणून पंधरा केले. चहा पिऊन परत उघडली, आणि तीच शंका. तेरा केले. शेवटी अकरावर आलो. उद्या कुणी म्हणायला नको होतं की सरांनी आपल्या...” तो थांबला.

“आपल्या काय?”

“आपल्या माणसाला जास्त दिले.”

बाहेर मैदानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दीपमाला खिडकीकडे बघत होती. छातीत काहीतरी उचलून आल्यासारखं झालं होतं आणि डोळे रागानं भरले होते, दोन्ही एकाच वेळी.

“म्हणजे तुम्हाला माझं काही वाटतं, त्याचा दंड मी भरायचा?”

मिथुननं हातातलं डस्टर बाकावर ठेवलं.

“माझी आई अंगणवाडीत खिचडी वाढते,” ती म्हणाली. “मी लहान होते तेव्हा मला ती सगळ्यांत शेवटी वाढायची. तिची लेक ना मी. लोक बोलायला नकोत. पण शेवटी वाढायची, सर... कमी न्हाई वाढायची.”

मिथुननं मान खाली घातली. मग उठला, वह्या उचलल्या आणि म्हणाला, “या.”

अप्पाराव सर त्यांच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मिथुननं दीपमालाची वही त्यांच्यापुढं ठेवली.

“सर, ही वही मला तपासता येणार नाही. मी चुकीचे गुण दिलेत. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.”

“का? अक्षर लागत नाही?”

“अक्षर लागतं.”

“मग?”

मिथुननं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “मला निःपक्ष राहता येईना.”

अप्पाराव सरांनी चष्मा नाकावर घसरू दिला. वहीकडे बघितलं, मिथुनकडे बघितलं, दाराशी उभं राहून स्वतःच्या चपला निरखणाऱ्या मुलीकडे बघितलं.

“किती आहेत असं झालेल्या?”

“वह्या?”

“मग मी दुसरं काय विचारतोय?”

“एकच, सर.”

“बरं झालं, एकच आहे.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “भोकरदनच्या केंद्राला पाठवतो, नाव झाकून. आणि पुढच्या वर्षापासून सगळ्याच वह्या नावं झाकून त्यांच्याकडे, त्यांच्या आपल्याकडे. हे मला तीस वर्षांत सुचायला हवं होतं. त्या शीतलला सांगा, तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोक्यानं पुन्हा लिहून आणायचं.”

व्हरांड्यात आल्यावर दीपमाला म्हणाली, “परीक्षा होईपर्यंत मला काही बोलू नका. पाठ तेवढे पाठवा.”

“बरं.”

“पाठात पण काही बोलू नका.”

“पाठात मी काय बोलणार?”

“मधी एक मिनिट गप्प बसता ना तुम्ही?” ती पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. “त्यात पण न्हाई.”

भोकरदनहून वही आली. वीसपैकी पंधरा. पाठ येत राहिले, बारा-बारा मिनिटांचे, परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत. आवाज नेहमीचाच होता. फक्त मधल्या त्या मिनिटात शीतल दीपमालाच्या तोंडाकडे बघायची आणि दीपमाला कळीकडे.

परीक्षा डिसेंबरच्या थंडीत झाली. तिसरा प्रश्न मागणीच्या लवचिकतेवर होता. दीपमालानं तो वाचला, पेन खाली ठेवून बोटं एकमेकांवर चोळली, आणि लिहायला लागली ती घंटा होईपर्यंत थांबली नाही.

परीक्षा झाली. मिथुनचा फोन आला नाही. निरोपही नाही. जानेवारी गेला.

“तूच कर की फोन,” शीतल म्हणायची.

“त्यांनी करावा.”

“त्यांना तूच गप्प बसवलं.”

“परीक्षेपर्यंत. परीक्षा होऊन महिना झाला.” हे ती इतक्या ताठपणे म्हणायची की शीतल पुढं काही विचारायची नाही. पण घरी गेल्यावर ती फोन उलटा करून ठेवायची, आणि थोड्या वेळानं सुलटा.

फेब्रुवारीत निकाल लागला. पेपरात ऐंशीपैकी सेहेचाळीस, गृहपाठाचे पंधरा. बेबीनंदानं आकडे दोनदा वाचून घेतले. मग निकालाचा कागद बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवून मेणबत्ती लावली, आणि अंगणवाडीतल्या लेकरांना त्या दिवशी खिचडीबरोबर गुळाचा शिरा मिळाला.

रविवारी दीपमाला केंद्रावर गेली. आज डोक्याला रुमाल नव्हता. मिथुन व्हरांड्यात उभा होता, बऱ्याच वेळापासून उभा असावा असा.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

“अकरा असते तरी पास झाले असते मी.”

“माहीत आहे. निकाल बघितल्यावर मी आधी तीच बेरीज केली.”

“परीक्षा डिसेंबरात झाली. आता फेब्रुवारी हाय. बोलायला काय झालं होतं?”

“निकाल लागेपर्यंत तुम्ही या केंद्राच्या विद्यार्थिनी होता.”

“लोकांना लई भेता तुम्ही.”

“लोकांना नाही,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांची पदवी आहे ती तुमची. तिच्यावर कुणाचं बोट नको होतं. माझंसुद्धा.”

दीपमालानं काहीतरी तिखट बोलायचं ठरवून ठेवलं होतं. ते तिला सापडेना.

“आता तुम्ही विद्यार्थिनी नाही,” मिथुननं घसा साफ केला. “म्हणून मला तुम्हाला... म्हणजे गेले चार महिने मी —”

“थांबा. मी एम.ए.चा अर्ज भरलाय. अर्थशास्त्र.” तिनं पर्समधून घडी काढून त्याच्या हातात दिली.

त्याचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं, आणि उजेड कमी होत गेला.

“छान,” तो म्हणाला. “फार छान झालं. म्हणजे आता आणखी दोन वर्षं तुम्ही...”

“वाचा तर आधी.”

त्यानं घडी उलगडली. नाव. पत्ता. विषय. अभ्यासकेंद्र : भोकरदन.

“भोकरदन? घराजवळचं केंद्र सोडून एवढ्या लांब? इथं काय कमी पडलं?”

“इथं तुम्ही हाव,” ती म्हणाली. “माझ्या शंका घेऊन मी कोणाकडं जाणार? तुमच्याकडंच. पुन्हा तुम्ही चहा पिऊन विचार करत बसणार.” ती मैदानापलीकडच्या लिंबाकडे बघत होती. कान लाल झाले होते. “घरात भांडायचं असंल तर भांडू. पण नवऱ्याकडून मार्क घ्यायचे न्हाईत मला.”

मिथुननं ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याचं बोट खाली सरकत गेलं.

“इथं एक रकाना रिकामा आहे,” तो म्हणाला. “अडीअडचणीला दुसरा फोन नंबर.”

“लिहा की मंग.”

त्यानं कठड्यावर कागद ठेवला आणि आपला नंबर लिहिला, सावकाश, एकेक आकडा स्वच्छ. पुढं आणखी एक चौकोन होता. अर्जदाराशी नाते. तिथं त्याचं पेन थांबलं. त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

दीपमालानं त्याच्या बोटांखालून कागद अलगद काढून घेतला आणि घडी घातली.

“तेवढं राहू द्या,” ती म्हणाली. “ते आईसमोर भरायचं. पाच वाजता चहाला या.”